ओसरीवरचं टेबल

खारूताईनं बाईंच्या लॅपटॉपच्या झाकणावर तळहात ठेवला आणि बाईंच्या अंगावरून सर्रकन काहीतरी गेलं. तळहात जोरानं ठेवलेला नव्हता. झोपलेल्या मांजराच्या पाठीवर ठेवावा तसा अलगद होता, पण होता. वायरीचं टोक बाईंच्या बोटांत होतं, भिंतीतली नेटवर्कची खाच समोर होती, एवढ्याशा अंतरात हा तळहात आडवा आला होता. "बाई, इथं नाही जोडायचं," खारूताई खालच्या आवाजात म्हणाली. "आधी ओसरीवर न्यावं लागेल." कंट्रोल रूममधले सगळे एकदम गप्प झाले. धाकटे मालक हातातला फोन कानाला तसाच लावून उभे राहिले. भट्टीचे फोरमन, ज्यांना सगळा कारखाना भट्टीमामा म्हणत असे, त्यांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. आणि त्या शांततेत खालच्या शेडमधून बाटल्या तडकल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला. मोठा नव्हे, कुणीतरी नखानं काच टिचकावत बसावं तसा, पण सारखा, न थांबणारा.

औषधाच्या बाटल्या साच्यातून बाहेर पडतात तेव्हा निखाऱ्यासारख्या लाल असतात. मग त्यांना बोगद्यासारख्या एका लांब भट्टीतून सावकाश, अगदी पालखीतून न्यावं तसं, निववत न्यावं लागतं. घाई झाली तर बाटली दिसायला धडधाकट दिसते, पण ताण तिच्या आतच राहतो, आणि थोड्या वेळानं, कुणी बोटही न लावता, ती तडकते. किती ठिकाणी किती ऊब द्यायची हे सांगणारी एक जुनी पेटी होती. काल वीज गेली आणि आली, त्यात ती पेटी सगळं विसरून बसली. ती बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली होती. पेटीशी बोलू शकणारा प्रोग्राम जगात एकाच माणसानं, म्हणजे बाईंनीच, लिहिलेला, आणि तो एकाच लॅपटॉपवर होता. म्हणून सकाळी सकाळी धाकट्या मालकांचा फोन, दारात गाडी, आणि निवृत्तीनंतर कपाटाच्या वरच्या खणात झोपलेला तो जाडजूड म्हातारा लॅपटॉप मांडीवर घेऊन ती इथं आली होती. येताना गाडीत ती ताठ बसली होती. खोटं कशाला बोला, तिला फार बरं वाटलं होतं. या वयात कुणी आपल्यासाठी गाडी पाठवतं, फाटकावरचा पहारेकरी उठून उभा राहतो, नवी नवी पोरं 'या त्याच' म्हणून एकमेकांना कोपर मारतात. त्या सगळ्या सुखाच्या टोकावर हा तळहात आला होता.

ओसरी. शब्द तिचाच. तिनं तो आणला तेव्हा या लोकांना हसू आवरेना. त्याआधी कारखान्यात कुणीही यावं आणि आपलं यंत्र भिंतीत खुपसावं असा कारभार होता. हिशेब तपासणारे येत, मशिनं दुरुस्त करणारे येत, नमुने घेऊन विक्रेते येत, आणि सगळ्यांचे कॉम्प्युटर कंपनीच्या नेटवर्कवर बिनधास्त पाय पसरून बसत. कुणाला वाईट वाटू नये म्हणून कुणी विचारत नसे. मग एके दिवशी साचे दुरुस्त करणाऱ्या एका भल्या माणसाच्या यंत्रातून रोग आला. माणूस खरोखर भला होता. त्याला बिचाऱ्याला पत्ताही नव्हता. पण दुपारपर्यंत माल पाठवायच्या खात्यापासून पगाराच्या खात्यापर्यंत एकेक पडदा काळा होत गेला. फाटकाशी ट्रक भरून उभे, आणि कुठला ट्रक कुठं जायचा हे सांगणारं कुणी नाही. ती तेव्हा सर्व्हरच्या खोलीत जमिनीवर मांडी घालून बसली होती आणि एकेक वायर उपटत होती. मागे उभे असलेले मोठे मालक म्हणाले होते, "बाई, हे असं कसं झालं?" आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "साहेब, आपल्या घराला ओसरीच नाही. रस्त्यावरचा माणूस थेट चुलीपाशी."

मग तिनं ओसरी बांधली. म्हणजे स्वागतकक्षाशेजारची अडगळीची खोली रिकामी करून घेतली, तिथं एक टेबल आणि एक खुर्ची टाकली, आणि भिंतीत एक अशी वायर आणली जी कारखान्यातल्या दुसऱ्या कुठल्याही वायरीला शिवत नव्हती. बाहेरचं यंत्र आधी इथं बसणार. त्याची तपासणी होणार, त्याच्या अंगावर काही आहे का ते पाहिलं जाणार, आणि मग त्याला जेवढ्यास तेवढं, म्हणजे ज्या खोलीत काम त्याच खोलीपर्यंत, सोडलं जाणार. पाहुण्याला बैठकीत बसवावं, त्याच्यासाठी घरातली सगळी कपाटं उघडून ठेवायची गरज नसते. तिथली खुर्ची डुगडुगायची. दुरुस्त करून घ्या म्हणून लोकांनी किती सांगितलं, पण तिनं नाही केली. "बसणाऱ्यानं फार ऐसपैस बसू नये," ती म्हणायची. पाठीमागे तिला कस्टमबाई म्हणत, हे तिला माहीत होतं. मोठ्या मालकांचे जावई एकदा परदेशाहून चकचकीत लॅपटॉप घेऊन आले तेव्हा तिनं त्यांनाही त्याच खुर्चीवर बसवलं. सगळ्या मजल्यावर कुजबूज झाली. जावई लाल होऊन म्हणाले, "मी घरचा माणूस आहे." ती म्हणाली, "तुम्ही घरचे आहात. तुमचं यंत्र अजून नाही." संध्याकाळी मोठ्या मालकांनी बोलावलं तेव्हा तिनं जागेवरून उठतानाच राजीनाम्याची मनाशी तयारी केली होती. पण ते एवढंच म्हणाले, "जावयाला चहा तरी दिलात ना?" "दोनदा दिला," ती म्हणाली. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"अगं, बाईंना कुठं ओसरी दाखवतेस?" धाकटे मालक आता बोलले. त्यांनी फोन खिशात टाकला होता. "त्यांनीच बांधली ना ती?" भट्टीमामा म्हणाले, "पोरी, भट्टीत काच वितळून तयार आहे, ती काही माझ्यासाठी थांबत नाही. तिकडं ढीग होतोय ढीग. बाईंचं यंत्र तपासायचं म्हणजे डॉक्टरची नाडी कंपाउंडरनं बघायची." एक नवा इंजिनिअर फिसकन हसला. खारूताईचे कान लाल झाले होते. ती कामाला लागली तेव्हापासून घाबरली की तिचे कान तेवढे लाल व्हायचे. तिला हे नाव पडलं कारण तुटक्या वायरी, जुने स्क्रू, बंद पडलेले पंखे, सगळं ती टेबलाच्या खणात साठवून ठेवायची. तिला नोकरीवर घेतलं तेव्हा बाकीचे म्हणाले होते, फार मऊ आहे, कुणी डोळे वटारले की रडेल. आता ती मऊ मुलगी म्हणाली, "ढीग होतोय हे मला दिसतंय, मामा. म्हणूनच. आज फक्त निववायची भट्टी बिघडली आहे, सगळा कारखाना बंद पडायला नको." तळहात झाकणावरून हलला नव्हता.

बाईंच्या जिभेवर वाक्य येऊन बसलं होतं. 'जाऊ दे गं, एवढ्यापुरतं.' तेवढंच म्हणायचं होतं. धाकट्या मालकांनी मान डोलावली असती, खारूताईनं हात मागे घेतला असता, आणि भट्टीची पेटी सुरू होऊन तिचा जयजयकार झाला असता. तिला ते वाक्य गुळगुळीत, ओळखीचं, अगदी घरातल्या पायरीसारखं वाटलं, आणि मग लक्षात आलं की ते ओळखीचं का आहे. सगळी नोकरी तिनं ते ऐकलं होतं. हिशेबनीसांनी म्हटलं होतं, विक्रेत्यांनी म्हटलं होतं, जावयांनीही म्हटलं होतं. एवढ्यापुरतं. कुणाच्याच तोंडी ते वाईट हेतूनं नव्हतं. साचे दुरुस्त करणारा भला माणूसही तेच म्हणाला असता. खोलीत गरम होत होतं. तिच्या नजरेसमोर तो तळहात होता. नखं बारीक कापलेली, अंगठ्याजवळ शाईचा डाग. असा तळहात तिनं फार फार पूर्वी पाहिला होता, खालून वर, कारण तेव्हा तिची उंची दाराच्या कडीएवढीही नव्हती.

तिची आई साथीच्या रोगांच्या दवाखान्यात नर्स होती. घराला पुढच्या बाजूला एक अरुंद ओसरी होती, तिथं एका कोपऱ्यात पडदा, पडद्यामागं पाण्याची बादली, साबणाची वडी आणि धुतलेले कपडे टांगायला एक खुंटी. आई कामावरून आली की थेट पडद्यामागं जायची. मुलांनी आतल्या दाराशी थांबायचं, उंबरा ओलांडायचा नाही, असा नियम. धाकटा भाऊ थांबायचा; तो मुळातच आळशी. ती मात्र एकदा थांबली नाही. त्या दिवशी शाळेत तिचं चित्र भिंतीवर लावलं होतं, आणि ते सांगितल्यावाचून तिला श्वास घेता येत नव्हता. ती दोन्ही हात पसरून ओसरीवर धावली. आईनं तळहात पुढं केला. "थांब!" ती तरी पुढं गेलीच, तेव्हा आई दोन पावलं मागं सरली, भिंतीला टेकली, आणि वडिलांना हाक मारून तिला आत उचलून न्यायला लावलं. मग पायानं दार लोटून घेतलं. पायानं, कारण हात कशालाच लावायचे नव्हते. पण तिला तेव्हा एवढंच दिसलं की आईनं आपल्यावर दार लाथेनं बंद केलं. ती दारामागं पालथी पडून रडली. चित्राचं तिनं मग सांगितलंच नाही, मुद्दाम, सूड म्हणून. पलीकडच्या घरांत त्या वर्षी साथ शिरली, एक पाळणा रिकामा झाला. यांच्या घरात कुणाला साधी शिंकही आली नाही. हे दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून पाहायला तिला मोठं व्हावं लागलं. आणि ओसरी हा शब्द तिनं कुठून आणला, असं मोठ्या मालकांनी विचारलं होतं तेव्हा ती 'सुचला' म्हणाली होती.

तिनं वायर गुंडाळायला घेतली. कोपरापासून अंगठ्यापर्यंत, नीट, जशी ती या पोरांना शिकवायची तशी. "चल," ती खारूताईला म्हणाली. "आणि धाकटे मालक, तुम्ही इथंच थांबा. ओसरीवर गर्दी नको." भट्टीमामा पुटपुटले, "आता दोघी मिळून पूजा मांडा." "मामा, जमलं तर साच्यांचा वेग कमी करा. तेवढ्या बाटल्या कमी फुटतील," ती म्हणाली, आणि लॅपटॉप छातीशी धरून जिना उतरली. उतरताना गुडघे कुरकुरत होते. मनात अजून एक बारीकसा काटा होताच. तो काही लगेच निघत नसतो. नियम बरोबर आहे, मुलगी बरोबर आहे, पण आपल्यालाही? आपल्यालाही, गं?

खोली तशीच होती. टेबल तेच, खुर्ची तीच, आणि बसल्याबरोबर ती डुगडुगली तेव्हा तिला हसू आलं. "अजून दुरुस्त नाही केली?" "तुमचीच आज्ञा," खारूताई म्हणाली. "मी सगळ्यांना हेच सांगते, बसणाऱ्यानं ऐसपैस बसू नये." बाईंना या बाजूनं ही खोली कधी दिसलीच नव्हती. इतकी वर्षं ती टेबलाच्या त्या अंगाला उभी होती. इकडून खिडकी डोक्यावर येते, उजेड डोळ्यांत जातो, आणि समोरच्या माणसाचा चेहरा नीट दिसत नाही. जावयांना काय वाटलं असेल ते तिला आज कळलं. खारूताईनं कशालाच न शिवणारी ती वायर जोडली आणि बाईंनीच शिकवलेले प्रश्न बाईंनीच शिकवलेल्या क्रमानं विचारायला सुरुवात केली. यंत्र कुणाचं? घरी आणखी कोण वापरतं? इंटरनेटला कधी जोडलंय? "छे," ती म्हणाली, आणि हा तिचा खास अभिमानाचा मुद्दा होता. "निवृत्त झाल्यापासून एकदाही नाही. या प्रोग्रामसाठी जपून ठेवलंय. माझं हे यंत्र म्हणजे सोवळ्यातलं." "दुसरं काही जोडलं होतं? पेन ड्राइव्ह वगैरे?" "नाही म्हटलं ना." उत्तर जरा जोरातच आलं. खारूताईनं मान हलवली आणि तपासणी चालू केली. पडद्यावर एक हिरवी पट्टी मुंगीच्या चालीनं सरकू लागली.

पट्टी अर्ध्यापर्यंत गेली आणि थांबली. मग खाली एक तांबडी ओळ उमटली. खारूताईनं पुढं वाकून ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि खुर्चीतल्या बाईकडं न पाहता म्हणाली, "बाई, हा व्हायरस पेन ड्राइव्हमधून येणाराच आहे." "शक्यच नाही," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला आठवलं. थंडीचे दिवस, दुपार, भावाचा फोन. "ताई, आईचे जुने फोटो सापडले. स्टुडिओवाल्याकडून कॉम्प्युटरवर चढवून घेतलेत, तुला पाठवतो." पाकिटातून पेन ड्राइव्ह आला. घरातल्या चांगल्या कॉम्प्युटरवर नवरा पत्ते खेळत बसला होता, आणि डाव अर्ध्यावर सोडून त्याला उठवणं म्हणजे आठवडाभराचा अबोला ओढवून घेणं. तिला दम निघेना. फक्त बघायचं तर आहे, एवढ्यापुरतं, म्हणून तिनं वरच्या खणातला हा लॅपटॉप काढला. फोटो पाहिले, डोळे पुसले, झाकण लावलं, आणि चहा टाकायला उठली. ते जोडणं होतं हे तिच्या मनात त्या दिवशी आलं नाही, नंतरही आलं नाही. दुसऱ्या कुणी तसं केलं असतं तर तिनं त्याला या खुर्चीवर तासभर बसवून ठेवलं असतं. पण ती तर आई होती. आईला कोण थांबवतं? आई स्टुडिओतून, परक्या यंत्रांतून फिरून आली होती आणि कपडे न बदलता थेट आत शिरली होती. जिवंत असती तर स्वतःच म्हणाली असती, "अगं बादली कुठाय?"

"काय करतो हा?" तिनं विचारलं. "झोपून राहतो," खारूताई म्हणाली. "मोठं नेटवर्क दिसेपर्यंत. मग एकेका यंत्राला कुलूप घालत सुटतो आणि किल्लीसाठी पैसे मागतो. वरती जोडलं असतं तर..." बाईंना फाटकाशी भरून उभे राहिलेले ट्रक दिसले, आणि यावेळी भल्या माणसाच्या जागी ती स्वतः, म्हातारी, गाडी पाठवून आणलेली. पण या चित्रानं जी धडकी भरायला हवी होती तिच्याऐवजी छातीत दुसरंच काही वर येत होतं. ती खारूताईकडं पाहत राहिली. मालक समोर, बाटल्यांचा ढीग खाली, आणि ज्या बाईनं नोकरीला लावलं, हाताला धरून शिकवलं, तिच्याच यंत्रावर हात ठेवायचा. जावयाला थांबवणं सोपं होतं. जावई मुळात आवडत नव्हते. हे मला जमलं असतं का? तिनं स्वतःला विचारलं आणि खरं उत्तर आलं तेव्हा तो काटा कुठं गेला ते तिला कळलंही नाही.

दार ढकलून धाकटे मालक आत आले, मागं भट्टीमामा. गर्दी नको म्हटलं तरी त्यांना राहवलं नव्हतं. "झालं? काही सापडायचं नव्हतंच," धाकटे मालक म्हणाले. खारूताईनं बाईंकडं पाहिलं. पडदा तिनं हळूच आपल्याकडं वळवून घेतला होता. तांबडी ओळ कुणाला दिसत नव्हती. बाईंना वाटलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. ती उठली. खुर्ची डुगडुगली. "सापडलं," ती मोठ्यानं म्हणाली. "माझ्याच यंत्रात रोग होता. मी जोडलं असतं तर संध्याकाळपर्यंत तुमचा सगळा कारखाना बसला असता." भट्टीमामांचा हात पुन्हा टोपीकडं गेला. "आणि हिनं धरला. डॉक्टरची नाडी कंपाउंडरनं बघितली, मामा, आणि डॉक्टरला ताप निघाला." धाकट्या मालकांचा चेहरा उतरला. ते खारूताईला काहीतरी चांगलं म्हणायला गेले. "तिला आत्ता काही म्हणू नका," ती म्हणाली. "नंतर सगळ्यांसमोर म्हणा. माझ्यादेखत."

"पण भट्टी?" भट्टीमामा रडकुंडीला आले होते. खारूताई केव्हाच कामाला लागली होती. लॅपटॉप आत जाणार नव्हता. त्यातला प्रोग्राम तेवढा, नुसता मजकूर, ती ओळ न् ओळ तपासून वेगळा काढत होती. "पण हा नव्या यंत्रावर चालत नाही गं," ती म्हणाली. "म्हणूनच तर मी ही म्हातारी सांभाळली." खारूताई हसली. आज पहिल्यांदाच. "आपल्याकडं आपली एक म्हातारी आहे. याच जातीची. माझ्या कपाटात. तुम्ही जाताना म्हणाला होता, जुनं झालं म्हणून टाकायचं नाही." "मी ते माझ्याबद्दल म्हणत होते." "मी दोन्ही ठेवून घेतलं," खारूताई म्हणाली. तिनं ते जुनं यंत्र काढून आणलं आणि आतल्या दाराला गळ्यातलं कार्ड लावलं. दार उघडलं. तिनं ते पाठीनं धरून ठेवलं, कारण दोन्ही हातांत ते जुनं यंत्र होतं, आणि म्हणाली, "या आता, बाई." क्षणभर बाईंचं पाऊल उचललं नाही. हे शब्द, याच सुरात, तिनं कुठंतरी ऐकलेले होते.

पेटीला एकेक आकडा पुन्हा शिकवावा लागला. बोटं अडखळत होती, पण एकदा लय सापडल्यावर त्यांना तिची गरजच उरली नाही. शेजारी खारूताई होती. ती प्रत्येक ओळ मागून वाचत होती, आणि एका ठिकाणी "बाई, एक शून्य जास्त" असंही म्हणाली. मग वाट पाहणं. बाटल्या बोगद्यातून येईपर्यंत करण्यासारखं काही नसतं. सगळे कंट्रोल रूमच्या काचेपाशी उभे राहून ऐकत होते. टिचक्या विरळ होत गेल्या, पाऊस थांबताना पागोळ्या व्हाव्यात तशा. मग एक. मग बराच वेळ काही नाही. भट्टीमामांनी खाली जाऊन पट्ट्यावरून एक बाटली उचलली, नखानं वाजवली, कानाला लावली आणि लहान मुलासारखी वर धरून दाखवली.

निघताना ती ओसरीवर गेली. खारूताईनं लॅपटॉप धुऊनपुसून ठेवला होता. "फोटोंना काही झालेलं नाही," ती म्हणाली. "वेगळे काढून, साफ करून दिलेत. एक उघडून पाहिला, नीट दिसतो का म्हणून. या कोण?" पडद्यावर आई होती. ओसरी, मागे पडदा, पायाशी बादली. आईच्या भावानं उसन्या कॅमेऱ्यानं काढलेला फोटो. आई कामावरून नुकती आलेली, आणि तळहात पुढं केलेला, थेट पाहणाऱ्याच्या तोंडावर. "माझी आई." "हात असा का केलाय?" "थांब म्हणतेय. कुणी जवळ येऊ नये म्हणून." खारूताईनं फोटोकडं पाहिलं, मग बाईंकडं, आणि तिचे कान पुन्हा लाल झाले. "मग फोटो काढणारा थांबला?" "थांबला की. म्हणून तर फोटो आला," ती म्हणाली, आणि डुगडुगत्या खुर्चीवर बसली, कारण आता तिला सांगायचं होतं. फोटोत पुढचं आलेलं नव्हतं, ते कुणाकडंच नव्हतं, फक्त तिच्याकडं होतं: पडद्यामागून पाण्याचा आवाज, साबणाचा वास, ओल्या केसांवरून पाणी निथळणारी आई, आणि लोटलेलं दार दोन्ही हातांनी उघडून खाली बसत, हात पसरत म्हणालेली, "हं, ये आता. शाळेत काय झालं सांग."